साहेबाच्या टबात बसलेली बाई

सरकारी माणसाला गोष्ट सांगू नये, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. पोरांना सांगितली तर पोरं विसरतात. पाहुण्यांना सांगितली तर त्यांचं अर्धं लक्ष स्वयंपाकघराकडे असतं. सरकारी माणूस मात्र लिहून घेतो.

मुलचेऱ्याकडून आमच्या गावाला येणारा रस्ता रुंद व्हायचा होता. डोंगराकडच्या खाणीचे ट्रक वाढले, तेव्हापासून त्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणं म्हणजे रोज नव्यानं जन्म घेणं. त्यामुळे रस्ता रुंद होणार म्हटल्यावर सगळ्यात आधी मीच खूश झालो होतो. मोजणीसाठी एक तरुण इंजिनिअर आला. हातात टेप, मागे लाल टोकाच्या खुंट्या घेतलेले दोन मजूर. नाल्यावरची चढण संपते तिथे मोहाचं मोठं झाड आहे आणि झाडाखाली गोट्यांचा ढीग आहे. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात. ढीग पुरुषाच्या छातीएवढा उंच. त्यावर शेंदूर नाही, झेंडा नाही, पाटी नाही. जंगलातून सरपण घेऊन येणाऱ्या बाया तिथे एकेक गोटा ठेवून जातात, इतकंच. इंजिनिअरची खुंटी नेमकी त्या ढिगाच्या मधात आली होती.

मी शाळेत चाललो होतो. इतिहास शिकवतो. मोटारसायकल थांबवली.

"सर, हे काय आहे? कोणाचं देवस्थान वगैरे?" त्यानं विचारलं.

एवढं विचारल्यावर मी थांबणार होतो थोडाच? त्या ढिगाची गोष्ट मी पंचवीस वर्षं सांगत आलो होतो. वर्गात, लग्नात, तेराव्याला, एकदा तर रक्तदान शिबिरात. गोंड राजाचा एक सरदार, घोड्यावर, एकटा, पाठीत भाला, तरी शंभर शत्रूंना त्यानं या चढणीवर अडवून धरलं. पडला तिथे गावानं एकेक गोटा ठेवला. मी हात पसरून सांगितलं. तलवार कशी चालली ते मोटारसायकलची किल्ली फिरवून दाखवलं. पोरगा वहीत लिहीत होता. लिहीत होता म्हणून मलाही चेव आला.

"घोडा कोणत्या बाजूनं आला, सर?"

"या बाजूनं," मी हात केला.

हात केला त्या बाजूला आमची बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. ती काठोकाठ भरली होती.

"घोडा तळ्यातून आला?"

"त्या काळी बोडी नव्हती," मी म्हणालो. आमच्या गावात बोडी आधी आणि गाव मागून आलं, हे दुसरीतलं पोरही सांगेल. पण त्यानं तेही लिहून घेतलं.

महिन्याभरानं ग्रामपंचायतीत पत्र आलं. सरपंचानं ते मला किराणा दुकानासमोर वाचायला दिलं, म्हणजे ते सगळ्या गावासमोरच वाचायला दिलं. संबंधित शिक्षकांनी वर्णन केलेल्या योद्ध्याची कोणतीही नोंद जिल्ह्याच्या जुन्या कागदपत्रांत आढळत नाही, सबब सदर ठिकाणी ऐतिहासिक महत्त्वाचे काही नाही, विखुरलेले दगड भरावात वापरण्यास हरकत नसावी. अशा अर्थाचं.

"गुरुजी," दुकानदार तराजूतून मान वर काढून म्हणाला, "म्हणजे तुमचा घोडा बोडीतच बुडाला म्हणा ना."

लोक हसले. मीही हसलो. पण घरी येताना हिशेब मांडला. मी काही बोललो नसतो तर तो ढीग फक्त ढीग राहिला असता. पोरानं कदाचित खुंटी चार हात सरकवली असती. मी त्याला खोटा इतिहास चिकटवला, सरकारनं तो तपासला, खोटा निघाला आणि त्यासोबत ढीगही खोटा ठरला. आता त्याचे गोटे ट्रकखाली जाणार होते. माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुढीमाय आली.

आमच्या मोहल्ल्यातली सगळ्यात म्हातारी बाई. ऐंशीच्या पुढे गेली आहे, किती पुढे ते तिलाही ठाऊक नाही. कंबरेत वाकलेली, पण आवाज असा की मांजर उठून जावं. ती कधी कोणाच्या घरी जात नाही, लोक तिच्याकडे जातात. तिला अंगणात पाहून बायकोनं खुर्ची आणली. ती खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्यावर बसली.

"काऊन रे बापू," ती म्हणाली, "तुले कोणं सांगितलं तो माणूस होता म्हणून?"

"कोण माणूस, बुढीमाय?"

"ढिगाचा. घोडा काय, तलवार काय! नातू सांगून राह्यला होता. म्हटलं, गुरुजीच्या घरी जातो अन् विचारतो, हा कोणाच्या लग्नातला घोडा आहे."

"बाबा सांगत होते..."

"तुहा बाप सांगनच." तिनं बायकोकडे पाहिलं. "याच्या बापाले सांगाचं कामच होतं."

खरं तर बाबांनी मला फारसं काही सांगितलंच नव्हतं. लहानपणी मी विचारलं होतं, की बाबा, हा ढीग कोणाचा, तर ते म्हणाले होते, असंन कोणी घोड्यावरचा मोठा माणूस. बाबांनी घोडा दिला होता. तलवार, भाला आणि शंभर शत्रू माझे.

"ढीग माह्या मायचा आहे," बुढीमाय म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिच्या सांगण्यात हातवारे नव्हते. माझ्यासारखा आवाजही चढत नव्हता. जात्यातून पीठ पडावं तसं ती सांगत होती.

इंग्रजांचा काळ. जंगलाचा साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला नेणं हे गावाच्या माथी असायचं. गावाच्या म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या. तेव्हा आमची माणसं बौद्ध झाली नव्हती. कोतवाल दारात येऊन काठी आपटायचा, आणि ज्याच्या दारात आपटली त्यानं डोक्यावर चुंबळ ठेवून निघायचं. मजुरी नाही. याला बेगार म्हणत. बाई असो, बाळंतीण असो.

"उन्हाळा होता म्हणे. नऊ जणाइले धरलं. कोणाच्या डोक्श्यावर पेटी, कोणाच्या डोक्श्यावर खाट, कोणाच्या कोंबड्याइचा डालगा. माह्या मायच्या डोक्श्यावर साहेबाची आंघोळीची टब."

"टब?" बायको म्हणाली.

"जस्ताची. हे एवढी. साहेब रोज तिच्यात बसून आंघोळ करे. अन् मी तिच्या कडेवर होती, वर्सा-दीड वर्साची. एका हातानं मले धरे, एका हातानं टब. नाल्यात पाण्याचा थेंब नाई. मी पाण्यासाठी रडून राह्यली होती म्हणे. मायनं शिपायाले म्हटलं, पोरीले पाणी पाज. शिपाई म्हणे, साहेबाच्या आंघोळीचं पाणी आहे घागरीत, ते तुह्या पोरीले देऊ काय? मंग चढण चढली अन् मोहाखाली मायनं टब खाली ठेवली."

"मग?"

"मंग तिच्यात बसली."

मी आणि बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"मले घेऊन टबात बसली, भर रस्त्यात. म्हणे, आता मले उचला."

बायको आधी हसली, मग तिनं तोंडावर पदर धरला. बुढीमाय हसली नाही.

शिपायानं शिव्या दिल्या. काठीही मारली, ती टबाला लागली, तिचा आवाज नाल्यापर्यंत गेला. बाई उठली नाही. मागून येणाऱ्यानं खाट खाली ठेवली. त्याच्या मागच्यानं कोंबड्यांचा डालगा ठेवला. एकेक करून सामान रस्त्यावर बसलं. साहेब पुढे घोड्यावर निघून गेला होता, त्याला परत यावं लागलं. (म्हणजे गोष्टीत एक घोडा होता, हे मी मनात नोंदवून ठेवलं. सवय.) साहेबानं बाईला गुरांच्या कोंडवाड्यात टाकायला लावलं. दोन दिवस ती आणि तिची पोर तिथे होत्या. दोन्ही दिवस मोहल्ल्यातली माणसं कोंडवाड्याबाहेर बसून राहिली, कामाला कोणी गेलं नाही. ओरडलं कोणी नाही, हात उचलला नाही. नुसती बसली. तिसऱ्या दिवशी सोडलं. तिथून घरी येताना ती वाट वाकडी करून चढणीवर गेली. टब ठेवली होती त्या जागी, नाल्यातून डोक्यावर आणलेला एक गोटा तिनं खाली ठेवला.

"इथून पुढं कोणाचं ओझं नाई, म्हणे. मंग दुसऱ्या बायाइनं ठेवले. पुढच्या साली साहेब आला तं भाड्याची बैलबंडी घेऊन आला. कोतवाल आमच्या दारात काठी आपटाले आलाच नाई."

तेव्हा मला आठवलं. माझी आई त्या चढणीवर गोटा कधी फेकत नसे. ती तो नाल्यातून उचलायची, डोक्यावर ठेवायची, वीसेक पावलं चालायची आणि मोहाखाली आल्यावर दोन्ही हातांनी खाली ठेवायची. सगळ्या बाया असंच करतात. मी लहानपणापासून ते पाहत होतो आणि माझी समजूत अशी, की ऊन लागू नये म्हणून त्या डोक्यावर दगड ठेवतात. इतिहासाचा शिक्षक!

"अन् बाकीचे आठ जण?" बायकोनं विचारलं. "सगळ्याइनंच सामान ठेवलं काय?"

बुढीमाय माझ्याकडे न पाहता बोलली.

"सात जणाइनं ठेवलं. एकानं पेटी नेली, दोन माणसाइनं उचलाची, एकट्यानं. ते तुह्या घरच्या कागदात असंन."

हा कागद आमच्या बैठकीत भिंतीवर होता. काचेची फ्रेम, पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात वाळवीनं तारीख खाल्लेली. इंग्रज साहेबानं माझ्या आज्याला स्वतःच्या हातानं लिहून दिलेली शाबासकी. आज्यानं साहेबाला वाघाच्या तावडीतून सोडवलं होतं, त्याचं बक्षीस, असं आम्ही सांगत असू. आम्ही म्हणजे मीच. अक्षर असं वळणाचं की कोणाच्या बापाला वाचता येऊ नये, आणि खरंच माझ्या बापाला आलं नव्हतं. मलाही आलं नाही. मी प्रयत्न केला नव्हता, असं म्हणणं जास्त खरं होईल.

बुढीमाय गेल्यावर मी फ्रेम उतरवली. बायको आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. तिचं आयुष्य डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात गेलं, साहेबाचं काय घेऊन बसलात. तिनं काच पुसली, खिडकीशी नेली आणि दहा मिनिटांत वाचलं. मग मला मराठीत लिहून दिलं.

हा माणूस इमानदार आहे. माझ्या नऊ हमालांपैकी आठ जणांनी नाल्याच्या चढणीवर माझे सामान टाकले. एक बाई मूल घेऊन माझ्या आंघोळीच्या टबात बसली आणि उठायला तयार नव्हती. हा एकटाच माझी पेटी बंगल्यापर्यंत घेऊन आला. पुढे येणाऱ्या साहेबांनी सामान वाहायला यालाच बोलवावे.

वाघ कुठेच नव्हता.

मी पलंगावर बसलो. सगळं एकदम जागच्या जागी बसत होतं आणि मला ते बसायला नको होतं. बाबा त्या चढणीवरून कधीच जात नसत. नाल्याशी सायकलवरून उतरायचे, सायकल खांद्यावर घ्यायचे आणि धानाच्या बांध्यांतून चिखल तुडवत गावात यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, इकडून जवळ पडते. जवळ पडत नव्हतं. दुप्पट लांब पडत होतं.

"त्याच्या घरी खाणारी तोंडं किती होती, काय माहीत," बायको म्हणाली.

"आज्याच्या?"

"हो."

"बाकीच्याइच्या घरी नव्हती काय?"

ती कागद माझ्या मांडीवर ठेवून स्वयंपाकघरात गेली.

मी इंजिनिअरला फोन केला. घोडा मागे घेतो म्हणालो. तो बिचारा हसला नाही. म्हणाला, "सर, आता फाईलवर एकदा नाही म्हणून लिहिलं गेलंय. ग्रामसभेनं ठराव घेतला आणि सोबत काही लेखी पुरावा जोडला, तर मी रेषा बोडीच्या बाजूनं वळवायची शिफारस करू शकतो. तिकडे जागा आहे. पण नुसत्या आठवणीवर होणार नाही. कागद लागेल."

कागद होता. जगात एकच होता, आणि तो माझ्या मांडीवर होता.

संध्याकाळी चंद्रपूरला मोठ्या भावाला फोन केला. त्याला सांगायला हवं होतं, कागद त्याचाही होता.

"तू पागल झाला काय?" दादा म्हणाला. "माह्या पोराच्या साक्षगंधात तूच वाघाची गोष्ट सांगितली. व्याही दोन घास जास्त जेवला ते ऐकून. आता त्याले काय सांगू, वाघ नव्हता, पेटी होती?"

"सांग ना. पेटी होती."

"फ्रेम पेटीत ठेवून दे. ढीग जाईन तं जाईन. दहा वर्सांनं कोणाले आठवते?"

"बुढीमायले आठवते."

"ते किती दिवसाची आहे?"

दादा वाईट माणूस नाही. त्यानं मला शिकवलं, पहिली पँट त्यानं शिवून दिली. पण ते वाक्य ऐकलं आणि माझं ठरलं. ती जितक्या दिवसांची आहे तितके दिवस तो ढीग तिला दिसला पाहिजे, आणि त्यानंतरही. तिच्या मायचा फोटो नाही, कुठे नोंद नाही, कोंडवाडा तर केव्हाच पडला. तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की इतिहास थोर माणसं घडवतात, लढाया घडवतात, आणि माझ्या गावची लढाई मोहाच्या झाडाखाली दोन मिनिटांत झाली होती, एका टबात बसून. पुढे आमच्या मोहल्ल्यानं मेलेली गुरं ओढणं सोडलं, दीक्षा घेतली, पोरी शाळेत घातल्या. ते सगळं थोर माणसाच्या मागे जाऊन झालं, हे खरंच. पण त्याच्या मागे उठून जायला पाय लागतात. ते आमच्या लोकांना त्या चढणीवर फुटले, असं मला वाटतं. मी चुकतही असेन. माझा या बाबतीतला लौकिक तुम्हाला ठाऊक झालाच आहे.

"दादा, मी वाचणार आहे," मी म्हणालो.

"मंग माह्या नावानं नको वाचू."

"आज्याच्या नावानं वाचतो."

त्यानं फोन ठेवला.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. सकाळी नऊला. ढिगाचा विषय शेवटी होता, त्याआधी हातपंप आणि घरकुलाची यादी यांत दोन तास गेले. इंजिनिअर आला होता. बुढीमायला तिच्या नातवानं मोटारसायकलवरून आणलं, ती खांबाला टेकून बसली. बायको बायकांत बसली. मी कागद पिशवीत घेऊन उभा राहिलो तसा दुकानदार म्हणाला,

"गुरुजी, घोडा कुठी बांधला आज?"

"घोडा नव्हता," मी म्हणालो. "मी खोटं बोललो होतो. इंजिनिअर साहेबाले बोललो, त्याच्या आधी तुमाले पंचवीस वर्सं बोललो."

हशा झाला. मी थांबलो. माझ्यासारख्या माणसाला हशा झाला की पुढे आणखी एखादी गंमत सोडावीशी वाटते, जीभ वळवळते. मी कागद बाहेर काढला आणि वाचायला लागलो. आधी इंग्रजी, जसं जमलं तसं. मग मराठी. सावकाश वाचलं. 'हा एकटाच माझी पेटी बंगल्यापर्यंत घेऊन आला' हे वाक्य दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीत साहेबानं बक्षीस म्हणून काय दिलं तेही वाचलं, की पुढच्या साहेबांनीही ओझं वाहायला यालाच बोलवावं.

"हा म्हणजे माझा आजा," मी म्हणालो. "बाकी आठ जण तुमचे."

मागून एक जण हळूच म्हणाला, "अन् तो वाघ?" आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं, ते सगळ्यांना दिसलं.

मग बुढीमाय बोलली.

"कागदात माय आहे काय?"

"आहे, बुढीमाय. नाव नाई. एक बाई असं लिवलं आहे."

"अन् पोर?"

"पोर पण आहे. मूल घेऊन बसली, असं आहे."

ती खांबाला धरून उठली. नातू हात द्यायला गेला, त्याला तिनं झटकलं. तशीच वाकलेली ती इंजिनिअरच्या टेबलाशी गेली आणि त्याच्या वहीवर बोट ठेवलं.

"लिव," ती म्हणाली. "ते पोर मी व्हय."

इंजिनिअरनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लिहिलं. मग त्यानं विचारलं, "आजी, तुमच्या आईचं नाव काय?" तिनं सांगितलं. ते नाव ऐंशी वर्षांत पहिल्यांदा सरकारी कागदावर गेलं असावं. इथे कोणाचंच नाव नाही म्हणून तेही लिहीत नाही, ठरावात आहे. ठराव मीच लिहिला. दोनदा लिहावा लागला, कारण पहिल्या वेळी मी 'शौर्य' हा शब्द चार ठिकाणी घातला होता आणि सरपंच म्हणाला, गुरुजी, साधं लिवा, नाईतर पुन्हा शोधाले जातीन ते लोक. साधं लिहिलं. या ठिकाणी अमुक बाईने बेगारीचे ओझे खाली ठेवले, त्यानंतर या गावात बेगार झाली नाही, गाव या जागी गोटे ठेवते, जागा हलवू नये. हात वर झाले. दुकानदाराचा सगळ्यात आधी. मूळ कागद फाईलला जोडायला दिला. इंजिनिअर झेरॉक्स चालेल म्हणत होता, मी म्हटलं नको, खराच असू द्या.

बाहेर पडताना बुढीमायजवळ थांबलो.

"मायनं तुह्या आजाले कधी काई म्हटलं नाई," तीच म्हणाली. "सुखदुःखात जाणंयेणं होतं. पण तो ढिगावर कधी आला नाई. तुहा बापही नाई. लाजे असंन."

"मी येऊ काय?"

"रस्ता सरकारचा आहे, मले कायले विचारतं?" तिनं नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. मोटारसायकलवर बसता बसता वळली. "नाल्यातून आणजो. अन् डोक्श्यावर. तुमी माणसं हातानं फेकता, ते नाई चालत."

शिफारस वर गेली, तिकडून काय येईल ते कोणाला ठाऊक नव्हतं. मी आठवड्यातून दोनदा फोन करत होतो. इंजिनिअर शेवटी माझा फोन उचलताच "अजून नाही, सर" म्हणायला लागला. मी म्हटलं, ठीक आहे, परवा करतो. फोन करणं सोडलं नाही. धान कापणीला आलं त्या सुमारास एक दिवस शाळेतून येताना पाहिलं, तर लाल टोकाच्या खुंट्या झाडापासून सरकून बोडीच्या पाळीला लागल्या होत्या. रस्ता तिथे वळण घेणार होता. दादाला फोन केला. तो म्हणाला, व्याह्याले मीच सांगतो, तू नको सांगू, तू सांगशीन तं पेटीतून वाघ निघंन.

रविवारी सकाळी बायको आणि मी नाल्यात उतरलो. मी एक गोटा उचलला. डोक्यावर ठेवला. चुंबळ नव्हती, रुमालाची घडी केली. चढण तशी लहान आहे. मोटारसायकलवर कळतही नाही. डोक्यावर गोटा ठेवून मान ताठ धरून चालताना मात्र ती कळते. समोरचं सोडून काही पाहता येत नाही. वरून दोन बाया भारे घेऊन येत होत्या, त्या बाजूला झाल्या आणि माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. पुरुषमाणूस डोक्यावर गोटा घेऊन, तोही गुरुजी. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. मोहाखाली आलो, दोन्ही हातांनी गोटा उतरवला आणि ढिगावर ठेवला. तो घसरला, मी पुन्हा नीट बसवला.

मला भरून आलं होतं. आज्यापासून माझ्यापर्यंत तीन पिढ्यांत त्या ढिगावर आमच्या घरच्या पुरुषानं ठेवलेला तो पहिला गोटा. असं काहीतरी मी बोलायलाही लागलो, आवाजही थोडा चढला असावा. बायको कमरेवर हात ठेवून त्या गोट्याकडे पाहत होती. माझं पूर्ण होऊ दिलं तिनं. मग म्हणाली,

"आज्यानं नेली ते पेटी दोन माणसांची होती म्हणे, अन् तुमी आणला नारळाएवढा गोटा. हे नाई चालत. चला खाली. कोणता उचलाचा ते मी सांगतो, अन् जमला नाई तं दुसरी बाजू मी धरीन."